‘पडीक’ लिहिणारा हात माझाच होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : सह्याद्रीच्या सड्यांना ‘पडीक’ म्हणण्याबाबत.

एकतीस वर्षं टिपण्या लिहिल्यामुळे विषय घातल्याशिवाय हात पुढे सरकत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आपल्या अंकात आतल्या पानावर एक रंगीत फोटो होता. सातारा जिल्ह्यातला एक सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, जमिनीलगत निळी-पिवळी फुलं, मागे धुकं. खाली ओळ होती, ‘पडीक माळावर फुलांचा बहर’. फोटो झकास होता. तक्रार आहे ती त्या पहिल्या शब्दाबद्दल, आणि खरं सांगायचं तर ती तुमच्यापेक्षा माझ्यावरच जास्त येते. कारण हा शब्द ज्या कागदावरून सगळीकडे पसरला, तो कागद भरणाऱ्यांपैकी मी एक. पाटण तालुक्यात मी तलाठी होतो. २०१९ साली निवृत्त झालो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा निर्णय झालाय, पण लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात.

सात-बाराच्या बारा नंबरात उजवीकडे एक रकाना असतो : ‘लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन’. त्याचे दोन भाग, स्वरूप आणि क्षेत्र. सड्याच्या जमिनीला मी ‘स्वरूप’खाली ‘पड’ लिहायचो. लहर लागली तर ‘गवतपड’, नाहीतर ‘खडक’. सात नंबरात तीच जमीन ‘पोटखराबा’. यात शेतकऱ्याचं नुकसान नव्हतं, उलट फायदाच. ज्यात पीक निघत नाही त्यावर आकार, म्हणजे सारा, बसत नाही, म्हणून तेवढं क्षेत्र वजा. शब्द साऱ्याच्या हिशेबापुरता होता. पुढे कधीतरी सारा न देणारी जमीन म्हणजे निकामी जमीन, असा त्याचा अर्थ झाला. आमच्या दप्तरातून तो नकाशांत गेला, प्रकल्पांच्या फायलींत गेला, दलालांच्या तोंडी गेला आणि आता तुमच्या फोटोखाली आला.

आमच्या वेळी पीक पाहणी तलाठ्याने शेतावर जाऊन करायची असे. किती जण करत ते खात्यातल्या माणसाला विचारू नका. चावडीत बसायचं, कोतवाल सांगेल ते लिहायचं, सड्यावरच्या जमिनीच्या गटांना गेल्या वर्षीची ‘पड’ खाली उतरवायची. १९९४च्या खरिपात मात्र कोतवाल तापाने आडवा झाला आणि सर्कलसाहेबांनी वर जाऊन या म्हणून बजावलं, म्हणून गेलो. भाद्रपद होता. कारवीतून, मग जांभूळ-अंजनीच्या दाट रानातून पाऊण तास चढ. जळवा पोटरीवर. कड्यावर पोचलो आणि झाड संपलं. पुढे सपाट काळा-तांबडा कातळ, त्यावर बोटभर माती, आणि धुकं इतकं की दहा पावलांवरचं दिसेना.

सोबत वरच्या वाडीतला एक गवळी धनगर म्हातारा होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मी सरळ चाललो तर त्याने काठी आडवी घातली.

“हितं पाय नगा टाकू, भाऊसाहेब.”

खाली बघितलं तर परातीएवढा खळगा, त्यात वीतभर पाणी. पाण्यावर लांबट पानं तरंगत होती आणि मधून एक तुरा वर आलेला, टोकाला दोन फाटे फुटलेला. नाव मला फार वर्षांनी कळलं : वायतुरा. त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे, कारण तो आमच्याच भागातला. खळग्याच्या काठाला ओल्या मातीत निळ्या फुलांची दाटी होती. ती सीतेची आसवं. त्यांच्यात मोहरीएवढ्या लाल-हिरव्या पानांची, केसांच्या टोकाला चिकट थेंब लागलेली एक वनस्पती होती, तिला दवबिंदू म्हणतात. एका थेंबाला चिलट चिकटलं होतं आणि केस हळूहळू त्याच्यावर वळत होते. त्या बोटभर मातीत झाडाला पोसणारं नत्र जवळजवळ नसतंच, म्हणून ही मंडळी किडे धरून पोट भरतात. सीतेची आसवं तर जमिनीखाली बारीक पिशव्या लावून बसलेली असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव आला की आत ओढतात. उकिडवं बसून मी ते पाहत होतो आणि मांडीवर पीक पाहणीचं रजिस्टर होतं.

“काय लिवताय?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“पड.”

“पड कशी? आमचा झरा हितनंच न्हवं का?”

मी मान हलवली, ‘पड’ लिहिलं, आणि त्याच्या घरी जाऊन घट्ट दुधाचा चहा प्यायलो.

म्हातारा म्हणाला ते कसं खरं, हे समजायला मला पंधरा वर्षं लागली. ते आता माझ्या शब्दांत सांगतो. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झाला. कुठल्याही घाटात समोरचा डोंगर बघा, पायऱ्या दिसतात, त्या त्या थरांच्या. हिमालय त्यानंतरचा. मग अगदी वरच्या काळ्या पाषाणावर युगानुयुगं पाऊस पडत राहिला. त्याने दगडातलं विरघळण्यासारखं होतं ते धुऊन नेलं आणि मागे लोह, ॲल्युमिनियम ठेवलं. तो जांभा. ॲल्युमिनियम जिथे जास्त साठलं तिथे बॉक्साइट, म्हणून तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवर खाणी आल्या. जांभ्याचा वरचा पापुद्रा घट्ट असतो, पण आतून तो वारुळासारखा पोकळ आणि भेगाळ. खळग्यात पाणी थांबतं, भेगांतून मुरतं, खाली चिकण थर लागला की अडतं आणि आडवं चालत जाऊन सड्याच्या कडेला, कड्याखाली बाहेर पडतं. आमच्याकडच्या वाड्या बघा, बहुतेक नेमक्या त्या रेषेवर वसल्या आहेत. पूर्वजांनी भूगर्भाचा नकाशा पाहिला नव्हता, झरा पाहिला होता. श्रावणात याच कडांना उमाळे फुटतात, आणि तेच पाणी ओढ्याने कोयनेत, कोयनेतून कृष्णेत जातं. १०५ टीएमसीचं कोयना धरण आपण सिमेंटचं काम म्हणून मोजतो. त्याच्या वरच्या अंगाला जे कोठार आहे त्याची नोंद मी ‘पड’ अशी केली.

आता कबुलीचा भाग.

२०१० च्या सुमारास त्या सड्यावरचे तीन गट विकले गेले. जमीन सामाईक, खातेदारांची नावं सतरा, त्यातले निम्मे मुंबईला. दलालाने सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली : उताऱ्यावर बघा, चाळीस गुंठे लागवडीयोग्य आणि बाकी सगळा पोटखराबा, नुसता पडलाय, येईल ते घ्या. उतारा माझ्या सहीचा. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, मीच धरला, कागद नियमात होते. घेणारा कोण ते इथे लिहीत नाही, गावाचंही नाव मुद्दाम देत नाही.

दोन वर्षं काही झालं नाही. मग पोकलेन चढलं. सुरुंग लावून कड्यातून रस्ता काढला. सड्यावरचे सुटे दगड गोळा करून कुंपणाची भिंत रचली. त्या दगडांखाली काय राहतं हे आमच्या पोरांना विचारा : विंचू, फुरसं, सरडे, आणि पावसात कधी दिसलाच तर देवगांडूळ, जो गांडूळ नसून बेडकाचा बिनपायांचा भाऊबंद आहे. खळगे मुरूम टाकून भरले, वर बाहेरून आणलेली लाल माती, त्यावर हिरवळ. हिरवळीला पाणी हवं म्हणून खोल तळं, त्याला प्लॅस्टिकचं अस्तर. म्हणजे मुरायचं ते पाणी प्लॅस्टिकवर थांबलं.

वरच्या वाडीचा झरा पूर्वी अक्षय्य तृतीयेपर्यंत चालायचा. बारीक होत जायचा, पण चालायचा. रस्ता झाला त्या साली तो होळीला थांबला. पुढच्या साली संक्रांतीच्या आधी. पाऊस कमी होता म्हणाल, तर नव्हता. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद मीच ठेवत होतो, त्या दोन्ही वर्षी सरासरीच्या वर पाऊस होता. तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस झेलणारी वाडी मार्चमध्ये टंचाई आराखड्यात आली. टँकर वाडीपर्यंत चढेना, म्हणून खालच्या वळणावर टाकी बसवली आणि अकरा घरच्या बाया तिथून हंडे वाहू लागल्या. टँकरच्या खेपांच्या नोंदवहीवर सही कुणाची? माझीच. म्हातारा तोवर गेला होता. त्याची सून मला काही बोलली नाही. चहा मात्र त्या दिवशी विचारला नाही.

अशी दुसरी चूक झाडांची. एका पावसाळ्यात वृक्षलागवडीचा इष्टांक आला. गावात जागा कुठे आहे? उताऱ्यावर ‘पड’ दिसतेय, मग तिथेच. आम्ही पहारीने कातळ फोडून तीनशे खड्डे काढले, रोपं लावली, पाहुणे आले, फोटो निघाले. मे महिन्यात गेलो तर खड्डे आणि काळ्या पिशव्या. सड्यावर झाड का नाही याचं उत्तर निसर्गाने लाखो वर्षांपूर्वी देऊन ठेवलेलं, आम्ही ते पहारीने तपासलं. झाड म्हणजे निसर्ग आणि उघडा माळ म्हणजे उणीव, हे डोक्यात इतकं बसलंय की चांगली माणसंसुद्धा चांगल्या मनाने सडा फोडतात. वणवा लावणारा निदान गुपचूप लावतो.

पवनचक्क्यांबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागेल, कारण वीज मलाही लागते. चाळकेवाडी, वनकुसवडे इथल्या पठारांवर त्या आल्या तेव्हा आम्हाला अभिमानच वाटला होता. पण बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी, आणि खाणारा कमी झाल्याने सरडे वाढलेले. हा सरडा म्हणजे गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा. त्याच्या जवळच्या जातींच्या गटाचं शास्त्रीय नावच ‘सराडा’ आहे, आपल्या मराठी सरड्यावरून ठेवलेलं. २०१६ साली तो जगाला नवीन जात म्हणून कळला, तोही याच पठारावरून. ज्या गटाच्या उताऱ्यावर मी-माझ्यासारख्यांनी ‘काही नाही’ असं लिहिलं, तिथून विज्ञानाला नवीन जीव मिळतो, याला काय म्हणावं?

कासचं नशीब चांगलं, त्याचं नाव झालं. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या. त्यात महाराष्ट्रातल्या चार : कास पठार, कोयना आणि राधानगरी अभयारण्यं, आणि चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान. कासला तिकीट आहे, राखणदार आहेत. पण कासच्या फुलांना हद्द कळत नाही. तीच गेंद, तीच सोनकी, तोच तेरडा शेजारच्या सड्यावरही असतो आणि तिथे फक्त सात-बारा असतो. आमच्याकडे तर गावाच्या नावातच सडा आहे, सडावाघापूर घ्या. लोक तिथे वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघायला जातात, रील काढतात, पायाखाली काय तुडवलं ते बघत नाहीत. कोकणातल्या सड्यांवर कातळशिल्पं सापडली, ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तिथेही कागदावर ‘कातळ, पड’च असणार. तिकडच्या भाऊसाहेबांना मी नावं ठेवत नाही, एकाच शाळेचे विद्यार्थी आम्ही.

इको-सेन्सिटिव्ह एरियाचं, म्हणजे पश्चिम घाटातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचं, आता थोडक्यात. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा. त्या क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा पहिल्यांदा निघाला मार्च २०१४ मध्ये. त्याच वर्षी ३० जुलैला माळीण गेलं, दीडशे माणसं गाडली गेली. दहा वर्षांनी, पुन्हा ३० जुलैलाच, वायनाडमध्ये दरड कोसळली. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै २०२४ ला, मसुदा निघाला. सहावा! मधल्या काळात आमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे झालं, रायगडात तळीये आणि इरशाळवाडी झालं. या सगळ्यांचं खापर एकाच कारणावर फोडणारा मी नाही, पाऊसही तसा होता. पण माथ्यावरची पाण्याची वाट तुम्ही बुजवली तर ते पाणी दुसरी वाट काढणार, आणि ती तुम्हाला विचारून काढणार नाही.

सहाव्या मसुद्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. आमच्या ग्रामसभेत मी बसलो होतो. ‘इको-सेन्सिटिव्ह आला की घराला वीट लावता येणार नाही, शेळी बांधता येणार नाही,’ असं ठणकावून सांगितलं गेलं आणि विरोधाचा ठराव एकमताने झाला. मसुदा वाचलेला सभेत कुणी नव्हता. मी आणून वाचला. बंदी आहे ती खाणी, दगडखाणी आणि वाळू उपशाला, नव्या औष्णिक प्रकल्पांना, लाल वर्गातल्या, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या, नव्या उद्योगांना, आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांना. राहत्या घराच्या दुरुस्तीला बंदी नाही, जमीन वारसाने देण्या-घेण्याला नाही, शेतीला नाही. जुन्या सवयीने हिशेब केला. गाव दीडशे उंबऱ्यांचं, घर सरासरी सातशे चौरस फूट धरा. अख्खं गाव पाडून नव्याने बांधलं तरी दहा हजार चौरस मीटरच्या आत बसतं. मर्यादेच्या निम्म्यात! मग घाबरायचं कुणी होतं आणि घाबरवलं कुणाला?

लोकांची भीती खोटी म्हणून मोडीत काढू नये, हेही तितकंच खरं. अभयारण्यासाठी उठवलेल्या गावांचं पुनर्वसन आमच्या भागाने पाहिलंय, कोयनेचं तर तीन पिढ्या पाहतोय. सरकारचा कागद गावात आला की काहीतरी जातं, हा इथला अनुभव आहे. त्यामुळे मसुदा मराठीत, गावाच्या चावडीवर, गट नंबरानिशी वाचून दाखवायला हवा होता. ते काम तलाठ्याचं. कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दुसरीकडे ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पाच्या आराखड्यात सातारा, पाटण, जावळीतली २३५ गावं आली, त्याच्याविरुद्ध ग्रामसभेत ठणकावायला मात्र कुणी उभं राहिलं नाही. तिथे भाव वाढणार होता ना.

मागच्या दिवाळीनंतर मी एक अर्ज केला. माझ्या जुन्या सजातल्या, म्हणजे तलाठी म्हणून माझ्याकडे असलेल्या गावांतल्या, सड्याच्या गटांना बारा नंबरातल्या ‘स्वरूप’ रकान्यात ‘पड’ऐवजी ‘सडा, नैसर्गिक गवत व झऱ्याचा पाणलोट’ अशी नोंद घ्यावी. सोबत नकाशा जोडला, झरे दाखवले, वाडीतल्या अकरा घरांपैकी नऊ घरांच्या सह्या जोडल्या. दोन घरं मुंबईला गेलीत. सून सही करताना म्हणाली, “आता लिवताय व्हय, भाऊसाहेब?” मी हो म्हणालो, दुसरं काय म्हणणार?

चार महिन्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं : ‘सदर स्वरूपाचा पर्याय संगणक प्रणालीत उपलब्ध नसल्याने मागणी मान्य करता येत नाही.’ उत्तर लिहिणाऱ्यावर मी रागावलो नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं, कदाचित ‘सबब अर्ज निकाली’ एवढं आणखी जोडलं असतं. पुन्हा अर्ज केलाय. या वेळी पर्याय उपलब्ध करून द्यावा अशी मागणी आहे. यादीत घर पड, खडक, नदी, नाला, रस्ता, स्मशान असं सगळं असतं, एक शब्द वाढवायला असा किती खर्च येईल?

तो वाढेल तेव्हा वाढेल. तोवर एक विनंती तुम्हाला करता येते, कारण तुमच्याकडे रकान्याची अडचण नाही. पुढच्या भाद्रपदात पुन्हा असा फोटो येईल, तेव्हा खालच्या ओळीत ‘पडीक’ छापू नका. ‘सडा’ छापा. अक्षरंही एक कमी लागतं.

आपला,
एक सेवानिवृत्त तलाठी
ता. पाटण, जि. सातारा

(नाव छापू नये. पुतण्या अजून त्याच खात्यात आहे.)